डावीकडचा दिवा

मंगळवारपासून डावीकडचा दिवा लुकलुकतोय.
सतत नाही. समोर माणूस बसलं,
हनुवटी जरा खाली घ्या म्हटलं, की नेमका तेव्हाच.

हडर्सफील्ड. जुन्या गिरणीचा तिसरा मजला.
खाली गालिच्यांचं दुकान, वर योगाचा वर्ग,
मधे मी, दोन फ्लॅश, राखाडी कागदाचा एक रोल
आणि एक हीटर, जो किटलीबरोबर लावला
की मजल्याचा फ्यूज उडतो.

सगळं करून पाहिलं.
दिवा बदलला, चटका नको म्हणून रुमालात धरून;
नवाही लुकलुकला.
उजवीकडची वायर डावीकडे लावली.
प्लगातला फ्यूज काढला, बघितला, घातला.
किटली बंद ठेवून चहावाचून एक दुपार काढली.
हीटर बंद केला; थंडी तेवढी वाढली.
उजेड कमीजास्त करायचं बटण फिरवलं:
पूर्ण वर असताना जरा शांत,
अर्ध्यावर पुन्हा तेच, पापणीत काही गेल्यासारखं.
कंपनीवाले म्हणाले, पाठवून द्या, सहा आठवडे,
आणि आकडा असा सांगितला
की त्यात तिसरा फ्लॅश आला असता.

तसं काही अडत नव्हतं.
या दिव्याचा उजेड फोटोत येतच नाही.
फ्लॅश पडतो सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात
आणि हा त्यात कुठल्या कुठे बुडतो.
याचं काम एवढंच:
नाकाची सावली कुठे पडेल ते आधी सांगून ठेवायचं.
पण सावली थरथरली
की बसलेलं माणूसही आत कुठेतरी हलतं,
आणि ते मात्र फोटोत येतं.

शुक्रवारी केनेथ सग्डन आले. वय ब्याऐंशी,
पासपोर्टसाठी. आयुष्यातला पहिला.
मुलगी पर्थला असते.
स्टुलावर बसले आणि दिव्याकडे न बघताच म्हणाले,
"गुणगुणतोय तो. काहीतरी सैल आहे."

याच मजल्यावर सव्वीस वर्षं
त्यांनी माग दुरुस्त केले होते.
म्हणजे जॉबर, मी मनात म्हटलं.
इचलकरंजीत माझे मामा जॉबर.
जेवताना दोन गल्ल्या पलीकडे एखादा माग अडखळला
तरी त्यांचा घास हातात थांबायचा.
हे इंग्रजीत कसं सांगावं कळेना.
"माझे मामाही," एवढंच म्हटलं.
"कुठल्या बनावटीचे माग?" त्यांनी विचारलं.
मला माहीत नव्हतं.

प्लग काढला. बटण दाबून
आत साठलेला एक लखलखाट सोडून दिला.
दिवा काढायला हात पुढे केला, तर "थांब," ते म्हणाले.
"अजून थांब. विजेची स्मरणशक्ती चांगली असते."
वीस मिनिटं थांबलो. त्यांनी सांगितलं,
बायकोला समुद्र आवडायचा नाही,
म्हणून कधी पासपोर्ट लागलाच नाही.

मग दिवा काढून खोबणीत डोकावलो.
तळाशी पितळेची जीभ,
इतकी वर्षं दाबली जाऊन चपटी झालेली,
एका कडेला काजळी.
कॉफी ढवळायच्या लाकडी काडीनं
त्यांनी ती केसभर वर उचलली.
काजळी माझ्या रुमालानं पुसली.
बस. एवढंच होतं.

दिवा लागला तो स्थिर.
त्यांच्या नाकाची सावली जिथे असायला हवी तिथे जाऊन बसली.
हसू नका म्हणावं लागलं, नियमच तसा आहे.
एकदा हसले, तो फोटो पासपोर्टला चालणार नव्हता,
मी तो वेगळा छापून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत;
त्यांनी ते हीटरवर ठेवले आणि गेले.

संध्याकाळी मामांना फोन लावला.
तिकडे रात्रीचे अकरा. आवाज मधेमधे तुटत होता,
मी खिडकीशी, मग दाराशी, मग जिन्यात
जागा बदलत राहिले.
"मामा, तुमचे माग कुठल्या बनावटीचे होते?"
बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.
मग एकदम स्वच्छ, शेजारी बसल्यासारखे:
"कोण विचारतंय?"